शब्दचर्चा : ‘क्रॉनिक इलनेस केअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

‘पेशंट असेसमेंट ऑफ क्रॉनिक इलनेस केअर’, थोडक्यात पॅसिक, ही प्रश्नावली मी सध्या मराठीत आणते आहे. रसेल ग्लासगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. एकूण २० विधानं आहेत. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात असं दुखणं मागे लागलेल्या माणसाने, गेल्या सहा महिन्यांत उपचार घेताना ती ती गोष्ट किती वेळा घडली, एवढंच सांगायचं. गोळी कोणती दिली याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुमचं मत विचारलं का, जमेल असं पथ्य सांगितलं का, नंतर चौकशी केली का, हे ती विचारते. म्हणून मला ही प्रश्नावली मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिच्यातला शब्द चुकला तर जीव हळहळतो.

पहिली अडचण नावातच. ‘जुनाट आजार’ लिहिलं, तर एक गृहस्थ म्हणाले, “माझा कुठला जुनाट? शुगर आत्ता दिवाळीत निघाली.” शिवाय जुनाट म्हटलं की हेळसांड करून वाढवलेलं दुखणं, असा एक वास येतो. ‘दीर्घकालीन’वर सोसायटीत उठबस असलेल्या एका शेतकऱ्याला कर्ज आठवलं. ‘चिरकारी’ परिभाषेत शोभतो, पण रांगेत उभ्या असलेल्या कोणाच्या तोंडून मी तो ऐकलेला नाही.

दुसरी अडचण मोठी, ‘केअर’. मी साधेपणाने ‘काळजी’ लिहिलं. “गेल्या सहा महिन्यांत तुमच्या आजाराच्या काळजीबद्दल...” एवढं वाचून दाखवते तोच एक आजी म्हणाल्या, “काळजी तर आहेच की गं बाई, रात्र रात्र डोळा लागत नाही.” पुढची सगळी उत्तरं त्यांनी त्याच धाग्याने दिली. मी तो कागद बाजूला ठेवला.

गंमत नाही ही. रीतीप्रमाणे दोघांनी स्वतंत्र भाषांतर केलं, दोन्ही ताडून एक मसुदा केला, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत नेला. तिथे ‘काळजी’चं पुन्हा ‘केअर’च झालं. कागदावर सगळं जुळलं. चूक फक्त त्या आजींना ऐकू आली. काय शब्द वापरू?

प्रतिसाद : सरकारी दवाखान्यातली परिचारिका

ताई, आजाराला नाव द्यायच्या फंदात पडूच नका. आम्ही विचारतो, “कायमच्या गोळ्या कशाच्या चालू आहेत?” शुगरवाला, बीपीवाला, दमेकरी, सगळे लगेच सांगतात. सुरुवातीला तोच प्रश्न घाला, आणि पुढे सगळीकडे ‘तुमचा हा आजार’ म्हणा.

तुमच्या मसुद्यात ‘उपचार योजना’ असेल तर तीही काढा. आमच्या आवारात योजना म्हणजे जन आरोग्य योजना. ‘उपचार योजनेची प्रत मिळाली का’ असं एका काकांना विचारल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून केशरी रेशनकार्ड काढलं, घडी उलगडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, “झेरॉक्सपण आहे.” उत्तर ‘नेहमी’ असं नोंदलं गेलं असतं! ‘औषधपाणी आणि पथ्य कसं करायचं हे ठरवून लिहून दिलं’ असं म्हटलं की कळतं.

आणि ‘ध्येय’ नको. ध्येय विचारलं की बायका मुलीच्या लग्नाचं सांगतात. ‘मला विचारण्यात आले’ हेसुद्धा नको, पंचनामा वाचल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद : मराठीचे निवृत्त प्राध्यापक

सिस्टरांचा शेवटचा मुद्दा व्याकरणाच्या अंगाने पाहू. इंग्रजी विधानांत कर्ता लपलेला आहे, कारण विचारणारा डॉक्टर असेल, सिस्टर असेल किंवा समुपदेशक. ‘डॉक्टरांनी मला विचारलं’ केलंत तर बाकीचे गळतात. मराठीला इथे ‘-ण्यात आले’ची गरजच नाही. ‘मला विचारलं’, ‘मला समजावून सांगितलं’ यात कर्ता आपोआप मोकळा राहतो आणि वाक्य घरगुती राहतं.

‘काळजी’चा अर्थ क्रियापद ठरवतं. डॉक्टर एका दमात म्हणतात, “काळजी करू नका, काळजी घ्या,” आणि कोणाचाही घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो शब्द नाम म्हणून एकटा उभा केला की. ‘देखभाल’ इमारतीची आणि पंपाची. ‘निगा’ मला फार आवडतो, पण ती बाळाची, जनावराची, झाडाची राखतात. स्वतःच्या पायाने दवाखान्यात आलेल्या माणसाला तो लागू पडेल का, शंका आहे. ‘शुश्रूषा’ आज अंथरुणाला खिळलेल्यांपुरता उरला आहे. एरवी त्याच्यासारखा शब्द नव्हता : तो ‘श्रु’ धातूवरून आला, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. तुमची प्रश्नावली नेमकं तेच मोजते आहे.

आणखी एक. उत्तरांच्या पट्टीत ‘बहुधा’ घालू नका. जुन्या लिखाणात त्याचा अर्थ ‘बहुतकरून’ असा असे. आज ‘बहुधा विचारतात’ म्हणजे विचारत असावेत, नक्की माहीत नाही. ‘बहुतेक’चीही तीच गत, सोबत ‘वेळा’ हवाच. ‘सहसा’ नकारार्थी वाक्यातच बरा, ‘सहसा नाही’.

प्रश्नकर्ती

सर, सिस्टर, दोघांचेही मनापासून आभार. ‘केअर’ हे नाम काढून टाकते. प्रस्तावनेचं वाक्य आता असं : ‘गेल्या सहा महिन्यांत या आजारासाठी तुम्ही दवाखान्यात गेलात, तेव्हा पुढच्या गोष्टी किती वेळा घडल्या?’ पट्टी : जवळजवळ कधीच नाही, सहसा नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, जवळजवळ नेहमी. हे पाच शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून लोकांना क्रमाने लावायला सांगणार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या चिठ्ठीत अदलाबदल व्हायला लागली तर पट्टी बदलावी लागेल, कारण त्यानंतरचं सगळं गणित, विश्वसनीयतेचे आकडे धरून, याच पाच पायऱ्यांवर उभं राहतं.

सर, ‘व्हॅलिडेशन’लाही हाच पेच आहे. वैध म्हटलं की परवाना आठवतो. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला ‘यथार्थता’ मला जवळचा वाटतो : जे मोजायचं म्हणतो तेच मोजलं जातंय ना.

आता बारावं विधान अडलंय. उपचार सुचवताना तुमची मूल्यं, श्रद्धा, परंपरा यांचा विचार झाला, याची खात्री होती का? ‘मूल्य’ला लोक किंमत समजतात. ‘तुम्ही जे मानता, पाळता’ असं केलं तर फारच मोघम होतं. ‘उपासतापास’ घातलं की लगेच कळतं, चतुर्थी, एकादशी, रोजा सगळं डोळ्यांपुढे येतं. पण मग उत्तर फक्त उपासापुरतं मिळतं आणि भगताकडे जाणाऱ्याचं, मांसमच्छी वर्ज्य असणाऱ्याचं, काढ्यावर विश्वास असणाऱ्याचं राहून जातं. सिस्टर, तुमच्याकडे हे कसं विचारतात?