पब्लिक आली की पब्लिक आलं?

नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला उभा होतो. बाजूचा तर्री-पोहेवाला म्हणाला, "काय पब्लिक आली बाप्पा यंदा!" सोबत पुण्याचा भाचेजावई. तो हळूच म्हणतो, "मामा, आमच्याकडे पब्लिक येतं."

लिंगाचं आधी उरकतो. नागपूरच्या कानाला हिंदीची सवय, आणि हिंदीत पब्लिक येते. शिवाय गर्दी, जनता, रयत या सगळ्या 'ती'च. मी तरी 'आली'च म्हणणार.

खरी गंमत अर्थात आहे. इंग्रजीत द पब्लिक म्हणजे अख्खा समाज, घरात झोपलेला माणूसही त्यात आला. आपल्याकडे तो सीताबर्डीच्या बाजारात येऊन गर्दीत घुसेस्तोवर पब्लिक होत नाही. लग्नात जेवायला बसतात ती मंडळी. रस्त्यात थांबून वरातीतला नाच बघते ती पब्लिक. आणखी एक, बोलणारा स्वतःला त्यात सहसा धरत नाही. "पब्लिक ऐकतच नाही ना राजेहो" म्हणणारा स्वतःही तिथंच धक्के देत असतो! लोक या शब्दात मात्र 'आम्ही' सहज मावतो. संविधानाच्या उद्देशिकेत पीपलसाठी तोच आहे: 'आम्ही, भारताचे लोक'.

कागदोपत्री मराठीत तर पब्लिकचे पाच तुकडे झालेत. रस्ते बांधणारं खातं सार्वजनिक बांधकाम, नोकरभरती करणारा लोकसेवा आयोग, नोटीस जाहीर, कोर्टातली याचिका जनहित. 'सार्वजनिक' तसा जुना, पुण्यात 1870 साली सार्वजनिक सभा निघाली तेव्हाचा तरी नक्कीच. पण पब्लिक प्रॉसिक्यूटर? तो सरकारी वकील! इथं पब्लिक गेली कुठं? मला वाटतं, हे भाषांतर चुकलेलं नाही, उलट फार प्रामाणिक आहे. खटला सरकार चालवतं, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

भाचेजावई तेवढ्यावर थांबतो का! "मग पब्लिक स्कूल खाजगी कसं?" म्हटलं, ते साहेबाला विचार. इंग्लंडात इटन, हॅरो या भरमसाट फीच्या शाळा पब्लिक स्कूलच म्हणवतात. गाव किंवा पंथ न बघता कुणालाही प्रवेश, म्हणून ते नाव. फी परवडली पाहिजे, एवढंच.

भंडारा-गोंदियाकडे पब्लिक येते की येतं, तिकडच्या मंडळींनी सांगावं.