मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत एकाच नावाच्या दोन मुली, आमची कोणती?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंच्या माहेरची वंशावळ लावतेय. त्या स्कॉटिश आहेत, घराणं डंडीचं. त्यांची खापरपणजी इझाबेला, तिथपर्यंत सगळं पुराव्यानिशी जुळलं. तिच्या आईवडिलांपाशी गाडं अडलंय. स्कॉटिश नोंदींचं काम कोणी केलं असेल तर कृपया नीट वाचून सांगा. अंदाजाने नाव चिकटवून सासूबाईंच्या हातात कागद द्यायचा नाहीये मला.

इझाबेलाचं लग्न १८५८ मध्ये डंडीत झालं. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली, त्यामुळे ही नोंद स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर मिळाली. वय २१, काम सुतगिरणीत. वडील विणकर, हयात. आई मार्गारेट, माहेरचं आडनाव लिंडसे, आणि नावापुढे 'मयत'. बाईचं माहेरचं आडनाव इथल्या कागदांत मरेपर्यंत सुटत नाही, हे किती मोठं वरदान आहे ते आपल्याकडच्या पणज्यांची नावं शोधणाऱ्यांना सांगायला नको.

पण १९०३ च्या तिच्या मृत्यूच्या नोंदीत आईचं नाव ॲन मिल्न असं आहे. खबर देणारा जावई. आता खरं कोणतं?

वडिलांचं आडनाव मुद्दाम देत नाही. त्या भागात पाटील-जाधवांइतकं सर्रास आहे, आणि खरी गोची तीच आहे. १८५१ आणि १८८१ च्या जनगणनेत तिचं जन्मगाव किरीम्यूर, परगणा फॉरफरशायर (म्हणजे आजचा अँगस). हे हातमागावर लिनन विणणाऱ्यांचं गाव. १८४१ ची जनगणना काढली तर तिथे एकाच नावाचे दोन विणकर, आणि दोघांच्याही घरात चार वर्षांची इझाबेला! त्या वर्षीच्या जनगणनेत नाती लिहिलेलीच नाहीत, पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली, आणि जन्म त्याच परगण्यातला की नाही एवढंच. घरातली मोठी बाई बायको की बहीण, तेही कळत नाही. एका घरात मोठी बाई ॲन आहे. दुसऱ्यात मोठी बाईच नाही.

जुन्या पॅरिश नोंदवह्यांत (गावोगावच्या मुख्य चर्चच्या वह्यांत) १८३७ चा एकच बाप्तिस्मा सापडला: वडिलांचं नाव तेच, आई ॲन मिल्न. कोणीही म्हणेल, झालं की, हीच. मला ते पटत नाही.

एक तर लग्नाच्या वेळी माहिती इझाबेलाने स्वतः दिली. मृत्यूच्या वेळी जावयाने दिली, आणि त्याने या सासूच्या आईला कधी पाहिलेलंही नसणार. दुसरं, त्या काळी स्कॉटलंडमध्ये नावं ठेवायची रीत होती: थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची. इझाबेलाची थोरली मुलगी मार्गारेट. सगळेच पाळत असं नाही, म्हणून एवढ्यावर निकाल लावायला मन धजत नाही. पण लिंडसेकडे पारडं झुकतं.

मग लिंडसेच्या मुलीचा बाप्तिस्मा का नाही? माझा तर्क असा की कुटुंब मुख्य चर्चमध्ये नसावं. पॅरिश नोंदवह्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. १७३३ मध्ये फुटून निघालेल्या सिसेशन पंथाचे लोक किरीम्यूरच्या विणकरांत बरेच होते, आणि त्यांचे बाप्तिस्मे त्यांच्या त्यांच्या चर्चच्या वहीत.

तर माझे प्रश्न.

सिसेशन चर्चच्या वह्या संकेतस्थळावर 'इतर चर्च' या विभागात थोड्याफार दिसतात. किरीम्यूरच्या तिथे कोणी पाहिल्या आहेत का? की एडिंबराच्या नॅशनल रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, जाऊन सीएच३ या (मुख्य चर्चमधून फुटलेल्या पंथांच्या वह्यांच्या) मालिकेतली मूळ वही मागवावी लागेल? ती आधी कळवून मागवायची, की गेल्यावर मिळते?

दुसरा रस्ता वडिलांच्या मृत्यूचा. ते १८५८ नंतर वारले, म्हणजे नोंद असायलाच हवी. अडचण अशी की १८५६ ते १८६० च्या मृत्यूनोंदींत जोडीदाराचं नाव नसतं, १८६१ पासून पुन्हा येतं. त्याच नावाचे बरेच जण निघतात, आणि प्रत्येक नोंदीची प्रत दीड पौंड. यादीतल्या वयावरून किंवा आईच्या आडनावावरून आधीच चाळणी लावायची काही युक्ती आहे का?

तिसरं, ॲन मिल्नच्या इझाबेलाचं पुढे काय झालं ते शोधून तिला बाद करायचं, हा मार्ग बरोबर आहे ना? १८५१ मध्ये किरीम्यूरलाच आईबापांजवळ राहणारी एक चौदा वर्षांची इझाबेला आहे, आणि त्याच रात्री आमची डंडीत भाडेकरू म्हणून नोंदलेली. म्हणजे दोघी वेगळ्या हे नक्की. पण किरीम्यूरच्या घरातली आई ॲन असली तरी मिल्न होती हे जनगणनेवरून सिद्ध होत नाही. त्या मुलीचं लग्न सापडलं तर आईचं माहेर कळेल.

एक गोष्ट सांगते, कारण ती वाचल्यापासून या बाईला मी सोडू शकत नाहीये. १८६१ च्या स्कॉटिश जनगणनेत खिडकी असलेल्या खोल्या किती, असा रकाना आहे. डंडीतल्या इझाबेलाच्या घरापुढे आकडा १, आणि माणसं सहा. दिवसभर गिरणीत, आणि रात्री त्या खोलीत तान्ही मार्गारेट. तिच्या आईचं नाव बरोबर लिहिलं गेलं पाहिजे.

पुढच्या महिन्यात एडिंबराला जायचं ठरतंय. त्याआधी सीएच३ बद्दल कोणी सांगितलं तर तिथला दिवस फुकट जाणार नाही. नोंदींचे क्रमांक हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवते.