मदत हवी आहे: शेल स्क्रिप्टने वेबसाइटची रूट डिरेक्टरी कशी शोधावी?

नमस्कार मंडळी. एकाच लिनक्स सर्व्हरवर अपाचे आणि एनजिनएक्स हे दोन्ही वेब सर्व्हर आहेत. डोमेन दिलं की त्या साइटची रूट डिरेक्टरी, म्हणजे तिच्या फाइल्सचं मूळ फोल्डर, सांगणारी बॅश स्क्रिप्ट हवी आहे. बॅकअप भलत्याच फोल्डरचा होऊ नये, म्हणून उत्तर अचूकच हवं.

अपाचेचं जमतंय: कंट्रोल कमांडला (apachectl) कॅपिटल एस (-S) हा पर्याय दिला की प्रत्येक व्हर्च्युअल होस्टची, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रत्येक साइटची, कॉन्फिग फाइल आणि ओळ क्रमांक मिळतो, तिथून डॉक्युमेंटरूट, म्हणजे रूट डिरेक्टरीचा पाथ, काढता येतो.

अडतंय एनजिनएक्सपाशी. त्याच्या कमांडला कॅपिटल टी (-T) दिल्यावर सगळी कॉन्फिग एकत्र छापली जाते, पण एकाच सर्व्हर ब्लॉकमध्ये लोकेशननुसार (यूआरएलच्या भागानुसार) वेगळे रूट आणि अलायस (त्या भागासाठी वेगळ्या फोल्डरचा पाथ) असतात, आणि ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) कोणता कंस कुठे बंद होतो ते कळत नाही. ऑकमध्ये (मजकुरावर ओळीओळीने काम करणाऱ्या कमांडमध्ये) कंस मोजत जावं, की तयार पार्सर, म्हणजे कॉन्फिगची रचना समजून वाचणारा प्रोग्राम, घ्यावा? आणि रूटच्या पाथमध्ये व्हेरिएबल असेल तर तुम्ही काय करता?