खिडकीत उंच वाढलेल्या मिरचीचा शेंडा खुडावा की नाही?

पिंप्राळेकर
जळगावात एप्रिल-मेमध्ये गच्चीवर रोपं करायची सोय नाही. पारा ४४-४५ला टेकतो, ट्रेमधलं कोकोपीट दुपारपर्यंत कोरडं ठाक. म्हणून आम्ही बरेच जण मिरचीचं बी घरातच टाकतो आणि मृगाच्या सुमारास रोपं गच्चीवरच्या कुंड्यांत नेतो. घरात वाढली की सगळ्यांची रड एकच : पेरं लांबतात, खोड बारीक राहतं, रोप खिडकीकडे कलतं.

माझं मत असं की अशा रोपाचा शेंडा खुडावाच. बीजपानं (उगवताना येणारी पहिली दोन पानं) सोडून सात-आठ खरी पानं आली की खालची चार-पाच ठेवायची आणि वरचं टोक काढून टाकायचं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे फुटतात, रोप पसरतं. तुरीचा शेंडा आपण खुडतो, कपाशीचा खुडतो, झेंडूचा खुडतो. मग मिरचीलाच सोवळं कशाला?

शिरपूरचा शेतकरी
भाऊ, तुरीचं गणित मिरचीला लावू नका. मिरची आपले फाटे आपणच करते. साधारण आठ-बारा पानं झाली की खोडाच्या टोकाला पहिली कळी येते आणि तिथेच खोड दोन ठिकाणी फाटतं. मग त्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला पुन्हा कळी, पुन्हा फाटा. म्हणजे शेंडा थांबवायचं काम झाडाने स्वतःच केलेलं आहे. तुम्ही मध्ये हात घातला की पहिला तोडा दोन-तीन आठवडे पुढे गेला म्हणून समजा.

नंदुरबारी
बठ्ठी मिरची खिडकीमाच लावशात का भाऊ? 😀
आमच्याकडे पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, लाल मिरचीचे ढीग पडतात, त्यातलं एकही रोप कोणाच्या स्वयंपाकघरात वाढलेलं नसतं. बीजपानांपर्यंत मातीत गाडा, बाजूला काडी रोवून सुतळीने सैल बांधा, विषय संपला.

अमळनेरचा मास्तर
गाडण्याबद्दल जरा जपून. टोमॅटोच्या खोडाला जशी भराभर मुळं फुटतात तशी मिरचीला फुटत नाहीत. बीजपानांपर्यंत ठीक आहे, त्याहून खोल गेलं आणि पाणी साचलं तर खोड कुजतं.

आता मूळ प्रश्न. रोप उंच का झालं हे सोडून सगळे कात्रीवर भांडताहेत. भर उन्हात बाहेर १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, खिडकीपासून चार-पाच फूट आत तो हजारावरही नसतो. आपल्या डोळ्यांना खोली उजेडाची वाटते, रोपाला ती अंधारीच. त्यात मे महिन्यात खोली रात्रीसुद्धा तापलेली. उजेड कमी आणि उष्णता जास्त, पेरं लांबायला आणखी काय हवं? काही जण रोप बारीक दिसतंय म्हणून वरून युरियाचं पाणी देतात, म्हणजे ते आणखी लांबतं.

अशा जागी शेंडा खुडला तर अन्न बनवणारी पानं तेवढी कमी होतात आणि नवे फुटवेसुद्धा त्याच अंधारात लांबतात. एका किडमिड्या खोडाऐवजी दोन किडमिडी. साधी २० वॉटची एलईडी पट्टी रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगा, दिवसाला १४ तास चालू ठेवा, रोपं वाढतील तशी वर सरकवा. टेबलफॅनची हळू झुळूक सोडा. हलत्या रोपाचं खोड आखूड आणि जाड होतं. कात्रीची वेळच येणार नाही.

गच्चीवाली वहिनी, धुळे
मास्तर, पट्टी पुढच्या वर्षीच्या रोपांना कामाची. जी आजच हातभर झालीत त्यांचं काय? झालेलं पेर दिवा लावून आखूड होत नाही. आणि आमच्या जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जूनच्या वाऱ्यात चौथ्या मजल्यावर अशी रोपं मधूनच मोडतात, काडीला बांधली तर गाठीपाशी मोडतात. मी तरी खुडते. वाऱ्याने मोडण्यापेक्षा आपण नीट पानाच्या वर कापलेलं बरं.

पिंप्राळेकर
वहिनींना अनुमोदन. आणि तोडा लांबण्याचं भय मला नाही. दिवसाचं तापमान ३५च्या वर असलं की मिरचीची फुलगळ होतेच. मेअखेर आलेली कळी आपल्याकडे टिकते कुठे? ती दोन आठवडे उशिरा आली तर फायदाच. शिवाय पॉलीहाऊसवाले शिमला मिरची छाटतातच की.

शिरपूरचा शेतकरी
फुलगळीचा मुद्दा बरोबर, तो घेतला. पॉलीहाऊसचा मात्र उलटा आहे. तिथे दोन किंवा चार खोडं ठेवून बाकीचे फुटवे काढतात आणि खोडं दोरीवर चढवतात. फळ मोठं मिळावं म्हणून फांद्या कमी करतात. तुम्हाला तर वाढवायच्या आहेत.

चाळीसगावकर
खुडा नाहीतर राहू द्या, पण तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावू नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरचीलाही होतो आणि हातातून, नखातून, कात्रीतून एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. साबणाने हात धुवा. आपल्याकडे हे सांगावंच लागतं.

पिंप्राळेकर
तर मी आतच खुडतो, डोळे फुटले की रोपं बाहेर.

शिरपूरचा शेतकरी
अहो, मास्तरांनी काय सांगितलं मग? आत फुटलेले डोळे पुन्हा लांबच जाणार. वाऱ्यामुळे खुडायचंच असेल तर आधी रोपं बाहेर सावलीत आठ-दहा दिवस ठेवा, ऊन थोडं थोडं वाढवा. नवी पानं जवळजवळ यायला लागली की मग शेंडा मारा, तोही पाऊस नसेल त्या दिवशी.

गच्चीवाली वहिनी, धुळे
आठ-दहा दिवस उंच रोप बाहेर ठेवायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडी देणं. कठड्याच्या आडोशाला जमिनीवर ठेवली तर जमेल. मात्र माझ्यातली जी आडवी पडलीत त्यांचा शेंडा मी आजच काढणार, त्यांना थांबवण्यात अर्थ नाही.

अमळनेरचा मास्तर
आडवी पडलेली काढा. उभी आहेत त्यांना हात लावू नका.

पिंप्राळेकर
उभी आहेत पण हातभर आहेत, त्यांचं?

अमळनेरचा मास्तर
पट्टी आणा.