मदत हवी आहे : पोटाचा कॅन्सर, ट्रॅस्टुझुमॅब आणि ८६५ गावांची योजना

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. बाबांना (वय ६४) जठराचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पसरलाय. बायोप्सीच्या तुकड्यावर हर-२ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) तपासणी ३+ आली, म्हणजे ते प्रथिन खूप जास्त आहे, म्हणून डॉक्टरांनी केमोसोबत दर तीन आठवड्यांनी ट्रॅस्टुझुमॅब हे त्या प्रथिनावर काम करणारं इंजेक्शन द्यायचं ठरवलंय. २०१० च्या टोगा नावाच्या औषध-चाचणीत या इंजेक्शनमुळे अशा रुग्णांचं मध्यक आयुष्य ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. अडीच-पावणेतीन महिने. आम्हाला तेही हवेत.

पहिली केमो झाली. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात लालभडक झालेत, कातडी सुटतेय. भाकरी मोडताना चटका बसल्यासारखा हात मागे घेतात, पण आईला मोडून देऊ देत नाहीत. डॉक्टरांना सोमवारी दाखवतोच आहोत.

खरी अडचण इंजेक्शनच्या खर्चाची. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय आणि आमचं गाव त्या यादीत आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कुणी या योजनेतून कोल्हापुरात केमो घेतलीय का? त्यात ट्रॅस्टुझुमॅब बसलं, की फक्त केमो? रहिवासाचा कुठला दाखला चालला? आमची सगळी कागदपत्रं कन्नडमध्ये आहेत.

भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) स्वस्त पडतं म्हणतात. घरात कुणाला दिलं असेल तर अनुभव सांगा, विशेषतः हृदयाचा, कारण या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. बाबांना आधीच बीपी आहे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) दर तीन महिन्यांनी करायला सांगितलाय.

पुढचा डोस दहा दिवसांवर आलाय. माहीत असेल त्यांनी कृपया लगेच लिहा.