फिगर देखणी आहे, पण कोटाचा लाल चुकलाय. सांगायचं की नाही?

कुंचलेवाला

मी नुकतीच ५४ मिमीची एक फिगर, म्हणजे सैनिकाची छोटी मूर्ती, रंगवून पूर्ण केली. नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई, जून १८१५, ब्रिटिशांच्या २८व्या पायदळ पलटणीचा साधा शिपाई. सहा आठवडे रोज रात्री तासभर बसत होतो. फोटो टाकला, पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी एकाने दोन ओळी लिहिल्या: "काम देखणं आहे. पण हा लाल अधिकाऱ्याचा आहे, शिपायाचा नाही."

झालं, बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. तुला कोणी विचारलं होतं, हा छंद आहे, परीक्षा नाही, उत्साहावर पाणी कशाला ओततोस. तो गप्प झाला आणि नंतर काही बोललाच नाही. मला ते लागलं, कारण त्याचं बरोबर होतं. म्हणून हा धागा काढतोय.

अधिकाऱ्यांचं कापड भारी असायचं आणि कोचिनील किड्यापासून काढलेल्या रंगात रंगवलेलं, म्हणून तो लाल झळझळीत. शिपायाचं कापड जाडंभरडं, आणि रंग मॅडरच्या मुळांचा. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातलं झाड. तो लाल विटकरीकडे झुकतो आणि उन्हापावसात आणखी उतरतो. मी मात्र हाताशी असलेला सगळ्यात तेजस्वी लाल उचलला आणि उठावाच्या जागी वर नारिंगीचे उजळ फटकारे (हायलाइट) दिले. दिसलं छान. पण ज्या माणसाला मी उभा करत होतो, त्याच्या अंगावर असा कोट कधी चढलाच नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. चूक दिसली तर सांगावी, न विचारता सांगावी. आपण राक्षस-पऱ्या रंगवत नाही. ही माणसं खरोखर त्या चिखलात उभी होती. त्यांच्यातल्या बहुतेकांचं चित्र कोणी काढलं नाही, नावही फार कोणाला ठाऊक नाही. निदान त्यांचे कपडे तरी त्यांचेच असू द्यावेत.

उजेड

पूर्ण असहमत, आणि तुमची ती फिगर मला मनापासून आवडली होती म्हणूनच सविस्तर लिहितोय.

५४ मिमी म्हणजे साधारण १:३२, खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं. खऱ्या कोटाचं २० मिमीचं बटण इथे ०.६ मिमी होतं. एवढ्या लहान वस्तूवर ऊन खऱ्या माणसावर पडतं तसं पडत नाही. घड्यांच्या सावल्या आपोआप येत नाहीत, त्या आपल्याला रंगवाव्या लागतात. संग्रहालयातल्या कोटाशी तंतोतंत जुळणारी छटा फिगरवर लावून बघा, ती मेलेली आणि काळपट दिसते. म्हणून बरेच अनुभवी लोक मूळ रंग उजळ करून लावतात. म्हणजे 'अचूक' रंग इथे मुळात लावताच येत नाही. आपण खऱ्याचा भास तयार करतो, आणि तो भास उजेडाने होतो.

कुंचलेवाला, तुमच्या शिपायाच्या उजव्या खांद्यावर वरून पडलेला प्रकाश आहे ना, त्याने तो श्वास घेतोय असं वाटतं. त्याबद्दल त्या टीकाकाराने एक शब्द लिहिला नाही. मला राग त्याचा आहे. बाह्यांचे कफ आणि बटणं मोजणारे चेहऱ्याकडे बघतच नाहीत.

खडू_आणि_शिसं

उजेड, तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. रंग किती उजळ हे वेगळं आणि रंग कोणता हे वेगळं. उजळ करा की! पण विटकरी उजळ करा. आकार लहान झाला म्हणून मंजिष्ठेचं कोचिनील होत नाही.

आणि चेहरा की कोट, अशी निवड कोणी करायला सांगितली आहे? ज्याचा चेहऱ्यावर हात बसलाय, त्याला बरोबर लाल मिसळायला दहा मिनिटं लागतात.

कुंचलेवाला, लाल राहू द्या, मला टोपीचं विचारायचंय. वॉटर्लूला बहुतेक लाइन (नेहमीच्या पायदळ) पलटणींकडे १८१२ची नवी शाको, म्हणजे उंच लष्करी टोपी होती, पुढचा भाग उंच असलेली. २८वी मात्र जुनी, सरळ नळकांड्यासारखी शाको घालून लढली. शिवाय या पलटणीचा टोपीच्या मागे बिल्ला लावण्याचा मान आहे. १८०१ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला पुढून आणि मागून एकदम हल्ला आला, तेव्हा मागची रांग जागच्या जागी पाठ फिरवून लढली, त्याची ती खूण. तुम्ही फोटो फक्त समोरून टाकलाय. मागून कसा दिसतो तो?

पांढरा_कोट

मला उलटा अनुभव आहे, तोही नोंदवतो.

मी एक फ्रेंच पायदळ शिपाई केला होता, १८०७ सालचा, पांढऱ्या कोटातला. लगेच तिघांनी सांगितलं, फ्रेंच पायदळ निळं असतं, जरा वाचन करा. तिघांनीही कोणती पलटण, कोणतं साल, हे विचारलं नाही. नीळ समुद्रमार्गे यायची आणि ब्रिटिश आरमाराने वाट अडवली होती. म्हणून १८०६ मध्ये नेपोलियनने लाइन पायदळासाठी पांढऱ्या कोटाचा हुकूम काढला. काही पलटणींना ते मिळालेही, आणि पुढच्याच वर्षी बेत गुंडाळला गेला. मी हे सगळं शोधून मगच ब्रश उचलला होता.

तेव्हा सांगा, जरूर सांगा. पण साल आणि आधार देऊन सांगा. "सगळ्यांना माहीत आहे" हा आधार होत नाही.

धूळपाटी

पांढरा_कोट यांना +१. आधारसुद्धा तपासून घ्या. नेपोलियनच्या काळातली म्हणून जी गणवेशचित्रं आपण बघतो, त्यांतली कित्येक ऐंशी-नव्वद वर्षांनी काढलेली आहेत. जुन्या फोटोंचं तर विचारूच नका. जुन्या कॅमेऱ्यातल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला (फोटोच्या काचेला) लाल दिसत नाही, निळा मात्र भरपूर दिसतो. त्यामुळे लाल कापड काळं येतं आणि निळं फिकट. १९१४च्या फ्रेंच सैनिकाची लाल विजार अशा फोटोत काळपट दिसते, आणि त्यावरून छटेबद्दल भांडणारे मी पाहिलेत.

खाकीचं तसंच. १८५७ मध्ये ब्रिटिश फौजेचे पांढरे कपडे चहा, चिखल, जे मिळेल त्यात बुडवून रंगवले गेले. एकाच तुकडीत तपकिरीपासून राखाडीपर्यंत सगळं. तिथे 'ही खाकी चूक' म्हणणाऱ्याने आधी बरोबर कोणती ते दाखवावं.

नवशिकी

मी तीन वर्षांपूर्वी पहिली फिगर टाकली होती, २८ मिमीची. एकाने अकरा चुका क्रमांक घालून लिहिल्या. अकराही बरोबर असतील. मी ब्रश धुऊन डबा माळ्यावर ठेवला, तो वर्षभर काढला नाही. परत आले ते एका काकांमुळे. त्यांनी एवढंच विचारलं, "पट्ट्याच्या कडेला एक गडद रेघ देऊन बघतेस का?" दिली, आणि पट्टा कोटापासून सुटून वर आला. मग मी स्वतःहून विचारलं, अजून काय?

त्यामुळे न विचारता सांगावं हे मला पटत नाही, निदान पहिल्या पाच फिगरपर्यंत तरी.

कुंचलेवाला

नवशिकी ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. शिकणाऱ्याच्या बाबतीत माझं वाक्य मागे घेतो. पण जो फोटोखाली स्वतः 'वॉटर्लू, २८वी पलटण' असं लिहितो, त्याने दावा केलेला असतो. दावा केला की तपासणी आलीच. तिथे मी हटणार नाही.

खडू, आत्ता फिगर उलटी करून बघितली. शाको सरळच आहे, ते मूर्तिकाराने नीट केलंय. मागे मात्र कोरी. बिल्ला नाही, आणि सहा आठवड्यांत माझ्या ते लक्षातही आलं नाही.

धूळपाटी

थांबा, घाई नको. मागच्या बिल्ल्याला लेखी मान्यता बरीच नंतर मिळाली. १८१५ मध्ये प्रत्येक शिपायाच्या टोपीवर तो होताच, असं ठामपणे म्हणायला मी धजणार नाही.

खडू_आणि_शिसं

मान्य. पण पलटण तो त्याआधीपासूनच लावत होती, असं तिची परंपरा सांगते. मी असतो तर लावला असता, आणि खाली तसं लिहिलं असतं.

उजेड

बिल्ल्याचं काय ते ठरवा. एक विनंती आहे, कोट खरवडून पुन्हा रंगवू नका. तो खांदा परत तसा जमेलच असं नाही. तांबूस तपकिरीचा अगदी पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) द्या, पाण्यासारखा, आणि पहिला थर वाळेपर्यंत दुसरा नको. प्रकाश राहील आणि लाल खाली बसेल. मला आजही तो लाल चुकीचा वाटत नाही, पण तुम्हाला टोचतोय तर असं करा.

कुंचलेवाला

डाव्या बाहीवर दोन थर दिले, उजवी तशीच ठेवली आहे. पुठ्ठ्याच्या पातळ चकतीचा बिल्लाही कापून ठेवलाय, अजून चिकटवलेला नाही. सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढून टाकतो, या वेळी मागूनसुद्धा.