मदत हवी आहे: गावच्या रस्त्याच्या दर्जोन्नतीचा अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाला तालुक्याशी जोडणारा रस्ता कागदोपत्री 'ग्रामीण मार्ग' आहे. ऊस तोडणीच्या दिवसांत मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्याच रस्त्याने कारखान्याला जातात, आणि जिल्हा परिषदेच्या निधीतून खड्डे बुजवण्यापलीकडे काही होत नाही. ग्रामसभेत ठरलं की रस्ता 'प्रमुख जिल्हा मार्ग' करून घ्यायचा, म्हणजे तो सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जाईल. अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

आता अर्ज लिहायचा कुणाला? सरपंच म्हणतात पालकमंत्र्यांना. ग्रामसेवक म्हणतात जिल्हाधिकाऱ्यांना, कारण 'जिल्ह्याचे मालक तेच'. आमचे एक निवृत्त गुरुजी म्हणतात थेट राज्यपालांना लिहा, आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. दुसऱ्या एका रस्त्याच्या दर्जोन्नतीचा शासन निर्णय त्यांनी छापून आणलाय, त्याच्या शेवटी ठळक अक्षरात 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं आहे. खाली डिजिटल सही मात्र अवर सचिवांची! तरुण पोरांना दिल्लीच्या पोर्टलवर तक्रार टाकायची आहे.

राज्यपाल, मुख्यमंत्री, विधानसभेचे २८८ आमदार, विधान परिषदेचे ७८, हे सगळं नागरिकशास्त्रात पाठ केलंय. यातलं कोण आमच्या कागदाला हात लावतं ते कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

दिल्ली आधी बाद करा. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत येतात, बाकीचे रस्ते राज्यसूचीत. तिकडे टाकलेली तक्रार फिरून मुंबईलाच येणार.

गुरुजींचा कागद खरा आहे, फक्त त्याचा अर्थ तसा नाही. कलम १६६ प्रमाणे राज्य शासनाचा प्रत्येक निर्णय राज्यपालांच्या नावानेच काढावा लागतो. पण राज्यपाल चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि कुठलं काम कुठल्या विभागाचं ते शासनाच्या कार्यनियमावलीत वाटून दिलेलं असतं. रस्त्याची फाईल राजभवनाची पायरी चढत नाही. अवर सचिव सही करतात ती शासनाच्या वतीने, निर्णय त्यांच्या वर झालेला असतो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे महसूल, कायदा-सुव्यवस्था, निवडणुका वगैरे. रस्त्याचा दर्जा त्यांच्या अखत्यारीत नाही, आणि जिल्हा परिषदही त्यांच्या हाताखाली नाही. ती १९६१ च्या कायद्याने उभी आहे, तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात आणि मंत्रालयात तिचा संबंध ग्रामविकास विभागाशी. सार्वजनिक बांधकाम खात्याची शिडी वेगळी: शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता, मग मंत्रालय. ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्ग पहिल्या शिडीवर, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग दुसऱ्या. तुम्हाला रस्ता एका शिडीवरून उचलून दुसरीवर ठेवायचाय, म्हणून एकाने सोडला पाहिजे आणि दुसऱ्याने घेतला पाहिजे. गोम इथेच आहे.

तेव्हा ग्रामसभेचा ठराव जोडून पहिला अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला द्या आणि रस्ता हस्तांतरित करायचा जिल्हा परिषदेचा ठराव पदरात पाडून घ्या. त्याची प्रत लावून दुसरा अर्ज सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांना. वाहतूक, लांबी, रस्ता कुठे जोडतो हे सगळं घालून प्रस्ताव तेच वर पाठवतात. मंत्रालयात कार्यासनावर टिप्पणी तयार होते आणि कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव करत मंत्र्यांपुढे जाते. खालून प्रस्तावच आला नसेल तर मंत्र्यांना दिलेलं निवेदन 'उचित कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन परत तुमच्याच जिल्ह्यात येतं.

पालकमंत्री हे पद राज्यघटनेत नाही, पण सरपंचांना अगदीच खोडून काढू नका. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच असतात. त्यांचं पत्र म्हणजे निर्णय नव्हे, तरी फाईल ढिगाच्या वर येते, आपल्याकडे हेही कमी नाही.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. दर्जोन्नती झाली म्हणजे डांबर पडलं असं नाही. नुसता दर्जा बदलून निधीच न आलेले रस्ते आमच्या भागात आहेत. काम अर्थसंकल्पात यावं लागतं, आणि अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होतं फक्त विधानसभेत. विधान परिषदेला चर्चा करता येते, पैसा अडवता किंवा सोडता येत नाही. म्हणून या टप्प्यावर तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांना धरा. मार्चात हुकलं तर पावसाळी किंवा नागपूरच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांकडे लक्ष ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. गुरुजींना प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, बोलले काही नाहीत.

आता पुढची अडचण. रस्त्याचा शेवटचा तुकडा शेजारच्या गावाच्या हद्दीतून जातो आणि आमच्या दोन गावांचं पाण्यावरून जमत नाही. जिल्हा परिषदेच्या ठरावासाठी त्यांच्याही ग्रामसभेचा ठराव मागतात का? कुणी असा प्रस्ताव केला असेल तर अर्जाचा नमुना इथे टाकावा.